एक मिनिटाची शांतता

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळ नीट जेवतो, एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

सरकारविरुद्ध बोलले म्हणून काढून टाकलेल्या प्राध्यापकांवरचा आमचा माहितीपट, जे जिथे घडलं तिथेच चित्रित होतोय. माझं काम आवाजाचं. चित्रीकरण आटोपलं की प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून मी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतो. संकलनात ती लागते.

परवा त्या सगळ्या शांतता लागोपाठ ऐकल्या. ग्रंथालयात दाराबाहेर कुणीतरी दोनदा कोरडं खोकलंय. इतिहासाच्या बाईंच्या रिकाम्या खोलीबाहेर तोच खोकला. सभागृहातही तोच. आम्ही चौघं, आणि चौघांपैकी खोकला कुणालाच नाही.

दिग्दर्शकाला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "अजून कुणाला ऐकवलंस?"

तेव्हा मनात पाल चुकचुकली. उद्या कुठे जायचं हे एकट्या त्याला ठाऊक असतं, आम्हाला गाडीत बसल्यावर कळतं. मग खोकणाऱ्याला कोण कळवतं?

आज सकाळी त्याने फर्मावलं, "शांतता रेकॉर्ड करण्यात वेळ जातो. यापुढे नको."

बाबांचा खोकला कसा आहे? काढा घेतात का, की कुंडीत ओततात?

हे लिहिताना माझ्या खोलीतही मी मशीन एक मिनिट चालू ठेवलं होतं. अजून ऐकायचं धाडस झालेलं नाही.

तुझा,
धाकटा