दगडाखालचा कोळसा

पारादीपजवळ, ओरिसा
२० जानेवारी १९७२

तीर्थरूप आईस मच्छिंद्रचा दंडवत.

मी बरा आहे. इथं भाकरी मिळत नाही, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

ऑक्टोबरातल्या वादळात इथं समुद्र दोन कोस आत आला. माणसं गेली, बांध गेले, हद्दीचे दगडसुद्धा वाहून गेले. आम्ही मोजणीवाले जमीन मोजून ज्याची त्याला दाखवतो. जुन्या लोकांनी दगडाखाली कोळसा पुरलेला असतो. हातभर उकरलं की तो सापडतो, आणि हद्द कळते.

काल उकरताना आठवलं. काष्टीच्या मळ्यात अप्पांनी दगड रोवला, तेव्हा कोळशाची पाटी तूच नेली होतीस.

अप्पा गेल्यावर छगनकाकानं तो दगड सरकवून आपली विहीर घशात घातली. वर पंचांपुढं म्हणाला, "दगड पयल्यापासून हितंच हाय." तू रडत घरी आलीस, ते मी विसरलो नाही.

समुद्राला जाब विचारता येत नाही. काकाला येतो.

संक्रांतीचा तिळगूळ त्याला दिला नसशील तर दे. गोड बोल, काही कळू देऊ नकोस. चैत्रात मी येतो. पंच तेच बोलावीन, आणि कुदळ काकाच्याच हातात देईन.

तुझा,
मच्छिंद्र