आईची गोळी

ब्रह्माघाट, काशी
भाद्रपद वद्य अष्टमी

प्रिय वैदू,

आज सकाळी चहा घेता घेता कानात कडी वाजली. दारावरची नव्हे, चाळीस वर्षांपूर्वीची. शाळेतून येताना तू कडी भुजंगप्रयातात वाजवायचीस. एक हलकी, दोन लांब. पुन्हा एक हलकी, दोन लांब. लघु, गुरू, गुरू, असे चार गण. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आली तुमची वृत्तवाली. उघडा लवकर, भुकेली असेल." आणि मी मुद्दाम रेंगाळायचो, चौथा गण पुरा व्हावा म्हणून. शाळेत मी जन्मभर हिंदी शिकवलं. मराठी कविता मात्र संध्याकाळी घाटावरच्या आपल्या पोरांना बसवून म्हणून घ्यायचो, आणि त्या सगळ्यांत वृत्त अंगात मुरलं ते एकट्या तुझ्याच.

इकडची खबर म्हणजे गंगाजी उतरल्या. पायऱ्यांवर हातभर गाळ आहे आणि वरून पाइपानं पाणी मारून तो धुणं चाललंय. खालच्या मजल्यावरची संपदा दोन वेळा जेवण आणून देते, मी नको म्हटलं की रागावते. उद्या नवमी. वर्षश्राद्ध झाल्यामुळे यंदा तुझ्या आईची ही पहिली अविधवा नवमी. यज्ञेश्वर गुरुजी नऊला येतील आणि सवाष्ण म्हणून संपदाच जेवायला बसेल. तुला रजा मिळाली नाही, ठीक आहे. जबलपूर काही गल्लीपलीकडे नाही.

पण खबर द्यायला हे पत्र नाही. रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, महिना झाला, पोट फुगल्यासारखं वाटतंय, दोन घासांत भरतं. आई घ्यायची ती गॅसची गोळी कुठली?" आणि मी नाव सांगितलं. वर हेही सांगितलं की जेवल्यावर घे, चावून खा, नुसती गिळू नकोस. फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि मग कळलं मी काय सांगून बसलो ते. त्यानंतर तीन वेळा तुला फोन लावला. तिन्ही वेळा मी गाळाबद्दल बोललो. तू म्हणालीस, "बाबा, गाळाचं कालच सांगितलंत की." तोंडानं होत नाही म्हणून शेवटी कागद घेतला.

तुला आठवत असेल, पितृपक्षात आई घरी कमीच जेवायची. ब्रह्माघाटापासून रामघाटापर्यंत ज्या घरची बाई अहेव गेलेली, त्या घरी नवमीला नाहीतर तिच्या तिथीला सवाष्ण हवी असायची, आणि सगळ्यांना शरदिनीवहिनीच हव्या. कारण ती मन लावून जेवायची. तिचं म्हणणं असं की, "त्या घरची गेलेली बाई माझ्या तोंडानं जेवते आहे, तिच्या पानात मी कसं टाकू?" वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आग्रह होईल तेवढं सगळं ती संपवायची आणि घरी आली की जिन्यातच बसायची. "अहो, माझी आगबोट झाली," म्हणायची. मग मी कपाटातून ती गोळी काढून द्यायचो. ती चावायची, तासाभरात बरं वाटायचं, आणि पंधरवडा संपला की कपाट पुन्हा वर्षभर बंद. किती वर्षं असंच चाललं. गोळीनं कधी दगा दिला नाही, म्हणून तर आम्हाला तिचा एवढा भरवसा.

दोन वर्षांपूर्वीचा पितृपक्ष संपला. पानं थांबली, पण पोट उतरलं नाही. हे वाक्य मी आज इतकं सरळ लिहू शकतो, वैदू. तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला वाचता आलं नाही. नवरात्रात ती अर्ध्या पोळीवर उठायला लागली. परकराची नाडी पुरेना आणि पोलकं मात्र खांद्यावरून घसरायला लागलं. "म्हातारपणी पोट सुटलं हो," म्हणून ती हसली आणि मीही हसलो. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की अजून नवमीचंच जेवण बाधतंय. दिवाळीपर्यंत ती दिवसाला कधी सहा, कधी आठ गोळ्या घेत होती. पाकिटावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. शाळेत पोरांना म्हणायचो, कविता वाचण्याआधी तळटीप वाचा.

औषधाच्या दुकानातला ढुंढिराज तुला ठाऊक आहे, माझाच विद्यार्थी, वृत्तात कायम नापास. देवदिवाळीच्या आसपास त्यानं गोळ्यांची पट्टी माझ्या हातात न देता तशीच धरून ठेवली. म्हणाला, "मास्तरजी, पितरपाखापासून नेता आहात. गोळी खराब नाही, पण ती पोटातल्या हवेचे बुडबुडे फोडते, बस. हवा कशानं होते ते तिला काय माहीत? आठ-पंधरा दिवसांत पोट उतरलं नाही, भूक मेली, अंग वाळलं, तर वहिनींना डॉक्टरकडे न्या. आणि थायरॉईडची गोळी सकाळी घेतात ना? मग हिच्यात नि तिच्यात चार तास तरी ठेवा, नाहीतर ती अंगी लागणार नाही." दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. नापास पोरानं चारचौघांत मला धडा दिला असं वाटलं. मी म्हटलं, "ढुंढिराज, तुला अजून यगण ओळखता येत नाही, तू मला पोट शिकवू नकोस." तो ओशाळून हसला आणि पट्टी दिली. पुढच्या वेळी मी त्याच्याकडे गेलोच नाही. चौकातल्या दुकानातून घ्यायला लागलो, तिथं मला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणी काही विचारत नव्हतं. थायरॉईडची नि गॅसची गोळी मी एकाच डबीत ठेवायचो, म्हणजे सकाळी एकदमच घेता येतील.

माघात तिला धाप लागायला लागली तेव्हा नेलं. पोटात पाणी होतं, आणि पाण्याच्या मुळाशी अंडाशयातली गाठ. पुढचं तू पाहिलंस. वैशाखात घाटावर तू मला धरून उभी होतीस आणि विचारलंस, "बाबा, आईला आधी काहीच कसं जाणवलं नाही?" मी म्हटलं, "काहीच नाही गं." लोक म्हणत होते, अहेव गेली, भाग्याची. मी मान हलवत होतो. चार महिने आधी नेली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते मला कळायला नको आहे. पण तिला ते चार महिने मिळायला हवे होते, आणि ते मी कपाटात ठेवून दिले.

आता जे लिहायला बसलोय ते. इस्पितळातून निघताना त्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं होतं. विचारलं, "बेटी है?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, हा आजार कधी कधी घराण्यात उतरतो, तेव्हा मुलीला सांगा, तपासणी करून घेऊ दे, आणि पोटाची असली तक्रार आली तर थांबू देऊ नका. वैदू, हे मी तुला सव्वा वर्ष सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस की आईला तक्रार कधीपासून होती, आणि मग मला ढुंढिराजचं नाव घ्यावं लागलं असतं. माझी लाज मी तुझ्या जिवापेक्षा जड धरली. रविवारी तू विचारलंस तेव्हाही आधी गोळीचंच नाव तोंडात आलं. तुझं बहुधा साधं अपचन असेल, तसंच असू दे. पण गोळीवर दिवस काढू नकोस. स्त्रियांच्या डॉक्टरांकडे जा, आणि पहिलं वाक्य हे सांग की माझ्या आईला काय झालं होतं. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, वर्षभर येऊ नकोस, पण आधी जा. उद्याच्या पानाबद्दल संपदाला मी सांगून ठेवलंय, "जेवढं जाईल तेवढंच खा, पानात टाकलंस तरी तुझी शरदिनीकाकू रागावणार नाही."

तुझाच,
बाबा

ता.क. पोस्टानं हे पोचायला फार उशीर होईल, म्हणून संपदा मोबाइलवर फोटो काढून आजच पाठवणार आहे. तिला हाक मारायला उठतच होतो आणि कडी वाजली. कानातली नव्हे, दारावरची. एक हलकी, दोन लांब. खिडकीतून खाली तुझी निळी पिशवी दिसतेय आणि तू भिंतीला टेकून उभी आहेस. दुसरा गण झाला. तिसरा अर्ध्यावर थांबला. पत्र हातातच घेतो, आधी तेच देतो. चौथ्याची वाट पाहत नाही, निघालो.