थोरली पेटी

२० ऑगस्ट १९९८
होसकोट्याला पोचले. नातू शंतनुला कारखान्याच्या आवारात दोन खोल्या मिळाल्यात. नळाला दिवसभर पाणी, मागे पेरूचं झाड. मजा आहे म्हातारीची. झाडूवाली गंगव्वा निपाणीकडची, मराठी बोलते आणि पाच मिनिटांत सगळ्यांची लफडी सांगते. बाई कामाची आहे.

२४ ऑगस्ट
डबा घेऊन शंतनुच्या कामाच्या खोलीत गेले. खोली इतकी गार, की भाजी आणि शंतनु दोघंही टिकतील. एकावर एक रचलेल्या चार लोखंडी पेट्या, पुढे हिरवे दिवे. कारखान्यातले संगणक यांच्यातूनच एकमेकांशी बोलतात म्हणे. चौघींना मागून जाड वायरीने बांधलंय. त्यातली एक थोरली. तिचा प्रोग्राम, तिचेच नियम बाकीच्यांनी उचलायचे. नवी पेटी जोडली, की तिचं आधीचं पुसून थोरलीचं भरतात. मी म्हटलं, यात नवीन काय, मला सासरी असंच जोडलं होतं. शंतनु खूप हसला.
नियम सगळे आधीच्या त्रिविक्रमसाहेबांचे. ते जूनमध्ये याच खुर्चीत वारले. तेव्हाची थोरली पेटीही त्याच दिवशी जळली. धाकटीने कारभार घेतला, तोही त्यांच्याच नियमांनी.

९ सप्टेंबर
शंतनु डावा पाय ओढत चालतो. लागलं का विचारलं, तर म्हणे लहानपणापासूनच आहे. लहानपणी मीच वाढवलाय त्याला, दोन्ही पाय धड होते. गंगव्वाने झाडू खाली ठेवला. म्हणाली, अज्जी, त्रिविक्रमसार असे चालायचे.

१५ सप्टेंबर
कौशल्येची तिथी. माझी लेक, शंतनुची आई. पान वाढलं. त्याने अदबीने विचारलं, अम्मा, आपल्याकडे कोण वारलं? आजवर मला ‘अगं आजी’ म्हणत आलेला पोरगा.
आईच पुसली गेली त्याची.

२७ सप्टेंबर
नोकरी सोड म्हटलं, तर परक्यासारखा हसला. मग गोड बोलून काढून घेतलं, थोरली बदलते कशी. प्रत्येक पेटीला मानाचा आकडा असतो. सगळ्या बंद करून पुन्हा लावल्या, की मोठ्या आकड्याची ती थोरली.
त्रिविक्रम चाळिशीत गेला. मी चौऱ्याहत्तरची. आकडा माझा मोठा.

३० सप्टेंबर
आयुधपूजा. आज सगळी यंत्रं बंद. पेट्यांना हळदीकुंकू लावलं, कोहळा फोडला. सुरू करायच्या वेळी मी त्या खुर्चीत बसले. वरच्या पेटीवर दोन्ही हात ठेवले. म्हटलं, ऊठ मेल्या, आता इथे थोरली मी.
दिवे लागले. हातांना मुंग्या.

१ ऑक्टोबर
शंतनुचा पाय सरळ. मला ‘अगं आजी’ म्हणाला. देवापुढे साखर ठेवली.

२ ऑक्टोबर
कौशल्येचा फोटो घेऊन रडत बसला. वाटलं, आई आठवली. तर म्हणाला, माझी लेक गेली.
माझ्या नवऱ्याने मला पेटतं लाकूड कुठे मारलं होतं, ते त्याने आपला सदरा वर करून दाखवलं. डाग नाही. पण जागा बरोबर. मी कधीच कुणाला —

४ ऑक्टोबर
गंगव्वाही. नळावर माझ्या सासूला शिव्या देत होती. माझ्याच शिव्या —
पेट्यांच्या खोलीला कुलूप. किल्ली शंतनुकडे. देत नाही. म्हणतो, थोरलीने जागा सोडायची नसते.

५ ऑक्टोबर
तो दारात उभा आहे. मी हाक मारली, शंतनु.
त्याने मागे वळून पाहिलं. मग तोही हाका मारत सुटला. शंतनु, कुठे गेलास रे —
अंगणातून गंगव्वाची तीच हाक. फाटकावरून चौकीदार उमाजीची. सगळे माझ्या नातवाला शोधतायत, आणि तो इथे, माझ्यासमोर —