उलटा हात

अप्पा,

आज रविवार, सकाळचे नऊ वाजलेत. ओट्याजवळ बसून डाव्या हाताने हे लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आहे. शुद्धलेखन मात्र दोनदा तपासलं. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाल्यावर माझा उजवा हात आपल्या लोखंडाच्या मिलमध्ये मनगटापासून गेला. आता तिथे मशीनचा हात आहे. कोपराखालचा स्नायू आवळला की बोटं मिटतात. रात्री मोबाईलसारखा चार्जिंगला लावावा लागतो.

हात बसवायच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत वाचायला वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. पुढच्या काळातली, तारांनी आणि दिव्यांनी भरलेल्या शहराची. त्यातला कामगार झिजलेलं शरीर कंपनीला देतो आणि नवं घेतो, मग लेक ओळखणार नाही म्हणून घरी न जाता फिरत राहतो. आधी त्याला त्या शरीराची किळस येते. मग एका सकाळी तो उठतो आणि हे आपलं नाही, हेच विसरतो. तिथेच मी पुस्तक मिटलं. का, ते काल कळलं.

मिलमध्ये तुमच्या हाताखालचा माझा पहिला आठवडा तुम्हाला आठवतो? भट्टीतून आलेली सळई काळी पडलेली बघून मी हात घालायला जातो आणि तुम्ही मनगट धरता. "काळं पडलं म्हणून गार झालं का? उलटा हात, तळव्यामागची बाजू, जवळ ने. लावू नको. कातडं सांगंल तुला." तेव्हापासून चहा असो की तवा, माझा उलटा हात आधी पुढे जातो.

काल लेकीला न्हाऊ घालत होतो. दोन वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलं नाही. बादलीवर उलटा हात धरला. काहीच जाणवलं नाही, म्हणजे पाणी बेताचं आहे असं समजून तांब्या भरला. तिच्या अंगावर ओतणार, तोच बायकोने दंड धरला.

"अहो, वाफ दिसून न्हाई राह्यली का? विसणाचं गार पाणी कुठं घातलंय अजून?"

मी नवा हात धरला होता. परका वाटला असता तर त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. त्या क्षणी तो माझाच होता, अप्पा.

आजपासून लेकीला बायकोच न्हाऊ घालतेय. मला रागावली नाही. कादंबरीची गोष्ट मी तिला सांगितली होती; उलट काल रात्री हसून विचारलं, "तुमचा तो पुस्तकातला माणूस आला का घरी, का फिरूनच राह्यला?"

"आला."

"मंग पोरीनं ओळखलं का त्याला?"

"बराबर ओळखलं," मी म्हणालो.

आत्ता न्हाणीतून लेक मला हाका मारतेय. मी उठलेलो नाही. हे पत्र कुठे टाकणार? त्याच पुस्तकात ठेवतो, वाचायचं थांबलो त्या पानाशी. तो माणूस घरी पोचतो का, ते सांगणारी शेवटची पानं मी अजून उघडलेली नाहीत.