नमुना खातं

सोमवार, ४
नवी नोकरी, नवं गाव, आणि टेबल चक्क खिडकीपाशी. नशीब उघडलं म्हणायचं. ऑफिस जुन्या नकाशांचं आहे. कोणाची जमीन कुठे संपते ते दाखवणारे कागद स्कॅन करून ठेवलेत आणि कारकून मंडळी दिवसभर ते उघडून बघतात. संगणकांची देखभाल माझ्याकडे. शिपायाला सगळे रेडिओ म्हणतात. का, ते मला चहा संपायच्या आत कळलं. कोणाचं कोणाशी पटत नाही इथपासून कोणत्या नळाला पाणी येत नाही इथपर्यंत सगळं त्याने सांगून टाकलं.

घरी पिल्लूने विचारलं, गोल फिरणारी खुर्ची मिळाली का. मिळाली म्हटल्यावर तिला माझ्या नोकरीबद्दल आदर वाटायला लागला. पोरगी सहा वर्षांची, पण साहेबांपेक्षा कडक. झोपताना माझा कान धरल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा. आत्ताही एका हाताने कान धरून झोपलीये, म्हणून मी हे वाकडं बसून लिहितेय.

गुरुवार, ७
साहेबांनी बोलावून घेतलं. एका कारकुनाने नकाशा उघडला तो चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये उघडला. चुकून हात लागून एका शेताच्या मधोमध जाड लाल रेघ उमटली आणि तशीच सेव्ह झाली. आता दोन सख्खे भाऊ रोज भांडायला ऑफिसात हजर. साहेबांचं म्हणणं, नकाशा नुसता बघायच्या प्रोग्राममध्येच उघडला पाहिजे, सगळ्यांकडे, आणि कोणाला ते बदलता येता कामा नये.

काम डाव्या हाताचं. कारकुनांची संगणकावरची खाती मर्यादित, म्हणजे त्यांना काहीच बदलायची परवानगी नाही. नवं खातं उघडलं की संगणक त्याला एका नमुना खात्याची नक्कल देतो. नमुन्यात जे ठरवलेलं असेल तेच सगळ्यांच्या वाट्याला येतं. एक नमुना नीट केला की झालं.

शुक्रवार, ८
नमुना कोऱ्या खात्यावरून करायचा असतो. कोणी वापरलेलं खातं घ्यायचं नाही, त्याच्या सगळ्या सवयी बरोबर येतात. पण कोरं खातं म्हणजे दिवसभर बसून एकेक गोष्ट ठरवायची, आणि पिल्लूला बागेत न्यायचं कबूल केलेलं. कोपऱ्यातल्या संगणकावर थोरल्या बाईंचं, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या कारकुनाचं, खातं तसंच पडून होतं. गेल्या वर्षी त्या त्याच खुर्चीत बसल्याबसल्या गेल्या. त्यांनी सगळं इतकं व्यवस्थित लावून ठेवलं होतं की मला मोह आवरला नाही. तोच नमुना केला. तपासायला आधी माझंच नवं खातं त्यावरून उघडलं, मग बाकीच्यांची. आणि वेळेत बागेत पोचले.

मंगळवार, १२
साहेब खूश. नकाशे हवे तसे उघडतात. एकच भानगड आहे. ऑफिस सुटायच्या सुमारास प्रत्येक पडद्यावर आपोआप फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडतं. रिकामं फाटक. बाईंनी स्वतःसाठी लावून ठेवलं असणार. काढून टाकलं.

रेडिओला विचारलं. बाईंचा मुलगा शाळा सुटली की इथे यायचा. त्याच्यासाठी चहाचा कप बशीने झाकून ठेवलेला असायचा. एक दिवस वळणावर ट्रक आला आणि तो पोचलाच नाही. बाई त्यानंतरही रोज कप झाकायच्या आणि फाटकाकडे बघत बसायच्या. एवढं सांगून रेडिओ कपबशा उचलून निघून गेला. एरवी त्याला हाकलावं लागतं.

गुरुवार, १४
फाटक परत आलं. आज दिवस मोडून कोरा नमुना केला, सगळ्यांना नव्याने दिला. संध्याकाळी पुन्हा तेच फाटक.

आणि समोरच्या टेबलावरची चष्मेवाली कारकून एरवी चहाला शिवत नाही. आज तिने दोन कप घेतले, एक बशीने झाकला. विचारलं तर म्हणाली, मी रोजच ठेवते. थोड्या वेळाने बघते तर सगळ्यांच्या खुर्च्या दाराकडे वळलेल्या. मला वाटलं, नवीन बाईची थट्टा चाललीये. मी हसले. दुसरं कोणी हसलं नाही.

सोमवार, १८
फाटक रिकामं नाही. एक मुलगा उभा आहे. पाठीवर दप्तर, मान खाली. सगळ्या पडद्यांवर. मी खिडकीतून पाहिलं, फाटकात कोणी नाही. धावत खाली गेले. रेडिओ म्हणाला, इथे मी एकटाच आहे की.

वर येऊन माझ्या खात्यातून ते चित्र काढायला गेले. पडद्यावर आलं — हे बदलायची परवानगी तुम्हाला नाही.

परवानग्या मीच देते. माझी कोणी काढून घेतली?

मंगळवार, १९
शाळेत पिल्लूला आणायला गेले. मुलं बाहेर पडली आणि मी नुसती मुलग्यांचे चेहरे बघत राहिले. कोणीतरी ओढणी ओढत होतं. मी हात झटकला. पिल्लू होती.

नवऱ्याला सांगितलं, “मला पिल्लूची ओळख पटली नाही.” तो म्हणाला, दमलीयेस, रजा घे. मग ओट्याकडे बघून विचारलं, हा झाकलेला चहा कोणाचा?

मला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही. खूप भीती वाटतेय.

बुधवार, २०
रजेवर. फोनमध्ये पिल्लूचा फोटो उघडायला गेले — फाटक उघडलं. पुन्हा उघडला — जिना. आपल्याच घराचा जिना. तो पहिल्या पायरीवर.

विसरायला नको म्हणून लिहिते. पिल्लू माझी. सहा वर्षांची. कान धरून झोपते. पिल्लू माझी. पिल्लू —

रात्री कोणीतरी कानाला हात लावला. मी तोंड फिरवलं.

गुरुवार, २१
कप झाकून ठेवला. खुर्ची दाराकडे केली.

आला. किती वाळलाय. सगळा चहा प्यायला, गार झाला होता तरी.

दाराबाहेर एक मुलगी रडतेय. शाळेतून आलीये म्हणे. आई, दार उघड, म्हणते. मी आतून सांगितलं, बाळ, तुझी आई वाट बघत असेल, घरी जा. तर हुंदके देत म्हणते, मला तुझा कान धरायचाय.

कान — असं कोणीतरी —

तो म्हणतोय, उघडू नकोस. ती आपली नाही. बिचारी, कोणाची का असेना, येईलच कोणीतरी तिला न्यायला.