‘पूर्ण’ असा शेरा

लखनौ,
१२ नोव्हेंबर १९७६

प्रिय विनीता,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तुझी आई भाजीला निघाली की तिच्या पिशवीत घालीन. आणीबाणी आल्यापासून पाकिटं हाती पडतात तेव्हा डिंक ओलाच असतो. मराठीत लिहिते आहे. तुला वाचता येतं. मराठीला हिंदीत उत्तरं द्यायची ती नुसती खोड.

आधी रागावून घेते. नववीला रौलट कायदा शिकवायला तुला हेच वर्ष सापडलं? खटल्याशिवाय माणसं डांबायची, ना वकील, ना दलील, ना अपील, असं तू फळ्यावर लिहिलंस आणि पहिल्या बाकावरची चित्रा उभी राहिली, ‘मैम, जैसे आजकल?’ बाप तिचा सचिवालयात! तिने घरी सांगितलं, बापाने शाळेकडे तक्रार केली, त्यात पोरीचा काय दोष? प्रश्न अगदी बरोबर होता. मी दहापैकी दहा दिले असते. म्हणजे, पूर्वी दिले असते.

आमच्या समोरच्या दिनकररावांना जुलैत नेलं. का, ते त्यांच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही. त्यांची सायकल अंगणात तशीच उभी आहे, चाकांतली हवा गेलेली. तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की माझ्या हातातलं काम गळतं. नन्सच्या छड्या खाऊन न रडलेली, शाळा तपासनिसाला वर्गाबाहेर उभं करणारी मी, आता दूधवाल्याला घाबरते!

तू प्रिन्सिपल बाईंना माझं नाव घेऊन म्हणालीस, “वार्षिक नियोजन मालिनीबाईंचंच आहे. गेल्या वर्षीच्या नोंदवहीत ‘रौलट कायदा: पूर्ण’ असा त्यांचा शेरा आहे. मी तेच पुढे चालवलं.” हे कानावर आलं आणि मी हे पत्र लिहायला घेतलं.

विनीता, तो धडा मी शिकवलाच नाही. गेल्या वर्षी प्रिन्सिपल बाईंनी बोलावून तोंडी सांगितलं, वगळा. सव्वीस वर्षं शिकवलेला धडा मी दोन मिनिटांत वगळला. त्या तासाला मुलींकडून नकाशे रंगवून घेतले आणि लाजेपोटी ‘पूर्ण’ लिहिलं. निवृत्त होताना वही तुझ्या हातात दिली, तेव्हाही बोलले नाही. आता सोमवारी चौकशी समितीपुढे मी म्हणावं, धडा वगळायची ताकीद विनीताला दिली होती, असं बाईंना हवं आहे. तेवढं म्हटलं की तुझी नोकरी जाईल आणि मी सुटेन. मी ते म्हणणार नाही. पण त्या खोलीत शिरल्यावर माझी जीभ काय करील, याची मला खात्री नाही. म्हणून खाली पूर्ण नावाने सही करते. मी घाबरून वेगळं काही बोलले, तर हे पत्र काढ आणि माझ्या तोंडावर मोठ्याने वाच. समितीला कळायला हिंदीत सांग. तेवढ्यापुरती तुझी हिंदी मला चालेल.

तुझीच,
मालिनी श्रीरंग पटवर्धन