मला समाधी लागणार होती

५ जानेवारी
रिटायर होऊन मुंबईहून पोलादपूरच्या वर या आमच्या वाडीत आलो, त्याला वर्ष झालं. इथे एकालाही माझी किंमत नाही. आजपासून अष्टांग योग. यम-नियम माझ्या स्वभावातच आहेत, ते स्किप. डायरेक्ट समाधी.

७ जानेवारी, पहाटे
पद्मासन. डावा पाय बसला, उजवा येईना. आसनं शेवटी शरीराची. अडाण्यांसाठी ठीक. रद्द.

८ जानेवारी
ध्यान. समोर शेजारच्या गोमाजीची म्हैस रवंथ करत होती. बायको म्हणाली, ध्यान तिचं बरं लागलंय. हिला अध्यात्मातलं काय कळणार.

१२ जानेवारी
वाडीच्या बैठकीत जाहीर केलं, पुढच्या गुरुवारी मला समाधी. मग गोमाजी चक्क पाया पडला. या मठ्ठांना उशिरा का होईना, कळलं.

१५ जानेवारी
गोमाजीने आंब्याखालची जागा दाखवली. म्हणाला, हितं चौथरा बांधू, मंग देऊळ व्हईल, देवळासाठी रस्ता येईल. खड्डा किती खोल हवा, तेही विचारलं. धुनीसाठी असेल. म्हटलं, तुम्हीच ठरवा. असल्या बारीकसारीक गोष्टींत मी पडत नाही.

मुंबईहून मुलाचा, सुनीलचा, फोन. गुरुवारी रजा मिळतेय म्हणाला. माझ्यासाठी पहिल्यांदाच रजा. वैराग्य असूनही भरून आलं.

१९ जानेवारी
बायको रोज माझ्या आवडीचं रांधतेय. बोलत नाही, नुसती बघते. चेहऱ्यावरचं तेज दिसलं असणार.

२२ जानेवारी, सकाळी
अख्खी वाडी आंब्याखाली. हार, गुलाल, ताशा. मग खड्डा पाहिला. माझ्या मापाचा. शेजारी मिठाची पोती. मीठ कशाला, विचारलं. वाडीतला सोनबा म्हणाला, बसवल्यावर वरून वतायला लागतंय, देह टिकतो.

दुपारी
समजावलं. समाधी म्हणजे मनाची अवस्था. डोळे मिटायचे, लागली की लागली, मग घरी जेवायला. गोमाजी म्हणाला, मंग आमच्या रस्त्याचं काय. लोक चिडून पांगले. रजा फुकट गेली म्हणत सुनील दुपारच्या एसटीने परत.

२३ जानेवारी
योग बंद. या लोकांची लायकीच नाही.

बायकोला मात्र विचारलं, नवरा जिवंत पुरला जाणार असं दहा दिवस समजत होतीस, एकदाही नको का म्हणाली नाहीस. म्हणाली, आजपातुर तुमी माजं कदी आयकलाव, म्हनून सांगू.

हे ऐकलं असतं, असं म्हणायचं होतं. तोवर ती गोठ्यात गेली होती.